ताईंची फेरपरीक्षा

बारकी आता बारकी राहिली नव्हती. चाळिशी ओलांडली होती, अंगानेही चांगली भरली होती. पण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना मुलांच्या वॉर्डात ताईंनी तिला पाहिलं आणि "हिला कुणी पाठवलं इकडे? पंखा लावला तर उडून जाईल ही बारकी," असं म्हटलं, तेव्हापासून ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे ताईंनीच पुढाकार घेऊन आपल्या धाकट्या भावाशी तिची गाठ घालून दिली आणि वॉर्डातल्या कडक सिस्टर घरातल्या थोरल्या नणंदबाई झाल्या. लग्नात मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "तुझी ड्यूटी आता चोवीस तासांची झाली गं बाई."

तसं काही झालं नाही. ताईंनी तिला सासुरवास केला नाही, उलट हाताला धरून शिकवलं. कोवळ्या हातात सुई कशी घालायची ते शिकवलं, घाबरलेल्या आईशी कसं बोलायचं ते शिकवलं, आणि लेक झाली तेव्हा तिला अंघोळ कशी घालायची तेही. ताई एकट्या होत्या आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. लेक शाळेतून आली की दप्तर आधी आत्याकडे पडायचं, मग घरी.

कामाच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या. ताई त्यांच्या हॉस्पिटलच्या मुलांच्या अतिदक्षता विभागात मुरल्या. बारकी शिकवण्याकडे वळली. लहान मुलाचा श्वास थांबत आला, हृदय बंद पडायला लागलं तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं, हे शिकवणाऱ्या केंद्रात ती प्रशिक्षक होती. डॉक्टर यायचे, नर्स यायच्या, रुग्णवाहिकेवरची माणसं यायची. बाहुल्यांवर सराव व्हायचा, मग परीक्षा. प्रमाणपत्राला मुदत असायची. मुदत संपली की पुन्हा येऊन पुन्हा पास व्हायचं. ते नसेल तर अतिदक्षता विभागात खाटेपाशी उभं राहता येत नसे, मग तुम्ही कितीही वर्षं काढलेली असोत.

त्या वर्षी ताईंची मुदत संपली. त्यांची परीक्षा दुसऱ्या एक प्रशिक्षक घेणार होत्या, पण त्या आदल्या दिवशी तापाने आडव्या झाल्या. केंद्राचे प्रमुख डॉक्टर बारकीला म्हणाले, "सिस्टर, नणंद आहेत ना तुमच्या? अवघड होणार नसेल तर तुम्हीच घ्या त्यांची परीक्षा. सोबत मी असेनच."

"त्यात अवघड काय, सर," बारकी हसून म्हणाली. "त्यांनीच मला शिकवलंय. माझी परीक्षा झाली नाही म्हणजे मिळवलं."

हे वाक्य पुढे तिला पुष्कळ दिवस टोचत राहिलं.

परीक्षेची खोली साधीच होती. मधोमध खाट, खाटेवर सहा-सात महिन्यांच्या बाळाएवढी रबरी बाहुली, उशाशी ऑक्सिजन, बाजूला औषधांची ट्रॉली. भिंतीवरच्या मॉनिटरवर बाळाचे ठोके दिसायचे आणि ते कमी-जास्त करायचं यंत्र बारकीच्या हातात असायचं. ताई त्या दिवशी गटाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या हाताखाली तिघं. एक रुग्णवाहिकेवरचा माणूस, एक दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आणि ताईंच्याच विभागातली एक जाड चष्म्याची नर्स.

बारकीने गोष्ट सांगितली. "सात महिन्यांचं बाळ आहे. दोन दिवस खोकला, सकाळपासून दूध पीत नाही. श्वास जोरात चाललाय. आईने आत्ताच आणलंय."

ताईंनी सुरुवात झोकात केली. ऑक्सिजन लावा, मॉनिटर लावा, छाती उघडी करा, कानावर पडेल असं आणि नेमक्या माणसाकडे बघून. बारकीच्या मनात आलं, हे खरं तर विद्यार्थ्यांना दाखवायला हवं. मग तिने ठरल्याप्रमाणे बाळाला थकवलं. श्वास मंदावला. ताईंनी पिशवी आणि मास्कने श्वास द्यायला सांगितलं. चष्म्याची नर्स पिशवी दाबू लागली, बाहुलीची छाती वर-खाली होऊ लागली. आणि मग बारकीने ठोके खाली आणले.

इथे प्रमुखाने सांगायचं असतं, छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. दुसरं काही नाही, एवढंच.

ताई बोलल्या नाहीत. त्यांचे दोन्ही हात खाटेच्या कठड्यावर होते. मॉनिटरचा आवाज सावकाश होत गेला. डॉक्टरीणबाईंनी एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा बारकीकडे. रुग्णवाहिकेवाल्याने हात पुढे केला आणि मागे घेतला, कारण प्रमुखाच्या शब्दाशिवाय काही करायचं नाही असं त्याला बजावलेलं होतं.

"ताई, पुढे काय करायचं?" बारकीने विचारलं. इतका इशारा नियमात बसत होता.

ताई बाहुलीकडे बघत होत्या. "हिची आई कुठाय?" त्या म्हणाल्या. "आईला बाहेर नेलं का कुणी?"

मॉनिटरवरची रेघ सपाट झाली. चष्म्याच्या नर्सने न राहवून स्वतःच अंगठे बाहुलीच्या छातीवर ठेवले आणि दाबायला लागली. प्रमुख डॉक्टरांनी हात वर करून परीक्षा थांबवली.

शेजारच्या खोलीत दार लावून घेतल्यावर ते खुर्चीत टेकले. "वाईट दिवस असतो एखाद्याचा," ते म्हणाले. "एवढा अनुभव आहे बाईंचा. तोंडी दोन प्रश्न विचारू आणि सोडून देऊ. काय म्हणता?"

बारकीला हो म्हणायचं होतं. हो अगदी जिभेवर आलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ते कठड्यावरचे हात होते. ताईंना पुढचं आठवत नव्हतं असं नव्हतं. ताईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. तोंडी प्रश्नात त्या शंभर टक्के पास झाल्या असत्या, आणि नेमकी त्याचीच बारकीला भीती वाटली.

"सर, त्या जागी दुसरं कुणी असतं तर आपण काय केलं असतं?"

"नापास," ते म्हणाले.

"मग नापासच."

"सांगणार कोण?"

"मी सांगते," बारकी म्हणाली.

ताई व्हरांड्यातल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एखाद्या पेशंटची नातेवाईक बसते तशा. बारकी शेजारी बसली. विद्यार्थ्यांना सांगताना कसं बोलायचं ते तिला पाठ होतं, पण त्यातलं एकही वाक्य इथे चालण्यासारखं नव्हतं.

"ताई, आजचं धरता येणार नाही. पुन्हा द्यावी लागेल."

ताईंनी मान हलवली. "तू ठरवलंस की सरांनी?"

"मी."

"बरं," ताई म्हणाल्या, उठल्या आणि जिना उतरून गेल्या.

त्यांच्यामागोमाग निघालेली चष्म्याची नर्स बारकीपाशी थांबली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "मॅडम, बोलू की नको कळत नाही. आमच्याकडे मध्ये एक बाळ गेलं. ताईंच्या हातात गेलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, चौकशीतही तसंच आलं. पण तेव्हापासून असं काही झालं की ताई औषधं काढायला जातात. किंवा फोन करायला. आम्ही सांभाळून घेतो."

"किती दिवस सांभाळून घेताय?"

त्या नर्सने चष्मा काढून पुसला.

बारकीला दोन गोष्टी एकदम लागल्या. एक तर ताईंनी घरात यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. रोज लेकीचा अभ्यास घेत होत्या, भावाच्या बनियनला भोकं पडली म्हणून त्याला रागवत होत्या. आणि दुसरं म्हणजे, ज्या दिवशी सांभाळून घेणारं जवळ कुणी नसेल, त्या दिवशी काय?

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हात ग्रीसने काळे असायचे आणि ते धुतल्याशिवाय तो कशाला शिवत नसे. त्या दिवशी हात न धुताच तो स्वयंपाकघरात आला. खाली बहिणीकडे डोकावून आला होता.

"ताईला नापास केलंस?"

"परीक्षेत झाल्या नापास."

"मी तेच विचारतोय. बाहुली मेली म्हणून तू माझ्या बहिणीला घरी बसवलंस?"

"घरी नाही बसवलं. फेरपरीक्षा होईपर्यंत बाहेरच्या तपासणीला बसवतील त्यांना. वजनं घ्यायला, लशी टोचायला."

"तिच्यासाठी ते घरी बसण्यासारखंच आहे आणि हे तुला माहितेय." तो ओट्याला टेकला. "जिने तुला शिकवलं, तिच्यावरच शिकलेलं चालवलंस."

बारकी मटार सोलत होती. ती सोलत राहिली. तिला वर्मी लागलं ते यासाठी, की दुपारपासून तीही हाच विचार करत होती. आयुष्यभर ताई पुढे आणि ती मागे. आज पहिल्यांदा ताईंच्या कागदावर सही करायचा अधिकार तिच्या हातात आला होता. ती सही करताना तिला कुठेतरी बरं वाटलं होतं का? तिने मन पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. बरं वाटल्याचं सापडलं नाही, पण शोधावं लागलं, याचीच तिला लाज वाटली.

त्यानंतर घराचा रंगच बदलला. ताईंनी बोलणं सोडलं नव्हतं, पण मोजूनमापून बोलत. "वहिनी, किल्ली खाली राहिली होती." वहिनी! एवढ्या वर्षांत हा शब्द ताईंच्या तोंडून तिने ऐकला नव्हता. लेकीनेसुद्धा विचारलं, "आत्या तुला बारके का म्हणत नाही आता?" नवऱ्याने ताटावरून मान वर केली नाही. दोन भिंतींमध्ये सापडल्यासारखी बारकी घरात वावरत होती. केंद्रातही तिचं लक्ष लागेना. विद्यार्थी बाहुलीवर दाब देत असायचे आणि ती त्यांचे हात बघता बघता दुसरेच हात बघायची.

अखेर एका सुट्टीच्या दुपारी ती खाली गेली. ताई पडदे धुवून वाळत घालत होत्या. ओला पडदा झटकताना त्यांनी दुसरं टोक तिच्याकडे दिलं, आणि तिने ते धरलं.

"ताई, त्या बाळाचं मला कळलंय."

ताईंनी पडदा दोरीवर टाकला, चिमटे लावले.

"चष्मेवालीने सांगितलं असेल. तिच्या पोटात काही राहत नाही."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं होतं? मुलं जातात. आमच्या विभागात काय पहिलंच होतं का ते?" ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. बराच वेळ हातातला उरलेला चिमटा उघडमीट करत राहिल्या. मग बोलायला लागल्या तेव्हा खिडकीकडे बघून बोलल्या. "सगळं बरोबर झालं होतं. त्या दिवशी झालं तितकं बरोबर कधी झालं नव्हतं. श्वास वेळेवर, दाब वेळेवर, औषध वेळेवर. मीच दाब देत होते. बदली माणूस आला तरी मी हटले नाही, नंतर हटले, पुन्हा घेतलं. त्याची आई कोपऱ्यात उभी होती. तिला बाहेर न्यायचं कुणाला सुचलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी दाबतेय, ती बघतेय. मग डॉक्टर म्हणाले, थांबा. आणि मी थांबले."

बारकीने ओले हात पुसले.

"माझ्या हातांनी थांबले. आईच्या डोळ्यांदेखत मी हात उचलले. तिला काय दिसलं असेल? या बाईने सोडून दिलं, असंच ना." ताईंचा आवाज कोरडा होता. "आणि तुमच्या त्या केंद्रात, नीट केलं की बाहुली जगते. पोरं टाळ्या वाजवतात. मी त्या खाटेपाशी उभी होते आणि मला त्या बाहुलीचा राग येत होता. खोटारडी कुठली. एकदा हात ठेवला की कधीतरी उचलावा लागणार. तो ठेवूच नये असं वाटलं. झालं समाधान?"

"नाही," बारकी म्हणाली. "समाधान कसलं होणार."

ती उठून ताईंच्या शेजारी बसली. एवढी वर्षं ती त्यांच्यासमोर बसत आली होती, शेजारी क्वचितच. ताई रडल्या नाहीत. तिला मात्र रडू आलं, आणि ताईंनी सवयीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग आपण हिच्यावर रागावलोय हे आठवून काढूनही घेतला.

दुसऱ्या दिवशी बारकीने प्रमुख डॉक्टरांना गाठलं. सुट्टीच्या दिवशी खोली वापरायची परवानगी मागितली आणि काय करायचंय ते सांगितलं. डॉक्टरांना ते पटलं नाही. "सगळं नीट केलं तर आपण मूल मारत नाही, सिस्टर. शिकणाऱ्याचा हात खचतो. नियम उगाच नाही."

"ही परीक्षा नाही, सर. आणि हात आधीच खचलाय."

ते कुरकुरले, पण किल्ली दिली. वर स्वतःही आले. चष्म्याच्या नर्सला बारकीने बोलावून घेतलं. ताई यायला तयार नव्हत्या. त्यांना आणलं त्यांच्या भावाने. बारकीने त्याला सगळं सांगितलं होतं. ते ऐकून तो उठला होता आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिला होता. खाली जाऊन बहिणीला तो काय बोलला ते बारकीला कधी कळलं नाही.

"ताई," बारकीने सुरुवात करण्याआधीच सांगितलं, "आज हे बाळ जगणार नाही. तुम्ही काहीही केलंत तरी नाही. मी ठोके वर आणणार नाही."

ताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मग करायचं कशाला?"

"तुम्हीच सांगा."

ताई खाटेपाशी उभ्या राहिल्या. ऑक्सिजन, मॉनिटर, पिशवी. ठोके खाली आले तेव्हा त्यांचे हात पुन्हा कठड्यावर गेले आणि तिथेच राहिले. बारकीने यंत्र थांबवलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. चष्म्याची नर्स रडवेली झाली. तिसऱ्या खेपेला ताई अगदी हळू, जणू स्वतःशीच, म्हणाल्या, "दाब सुरू करतेय," आणि दोन्ही तळव्यांत बाहुलीची छाती धरून अंगठ्यांनी दाबू लागल्या. एकदा सुरू झाल्यावर त्यांची लय कुठे तुटली नाही. औषध मागितलं, दिलं. मध्ये चष्म्याच्या नर्सला दाब द्यायला लावलं, पुन्हा स्वतः घेतलं. मॉनिटरवर काही फरक पडत नव्हता, आणि बारकीने शब्द दिल्याप्रमाणे पडू दिला नाही.

मग प्रमुख डॉक्टर म्हणाले, "थांबूया."

ताईंनी आणखी चार-पाच वेळा दाबलं. मग थांबल्या. हात उचलले. ताईंनी बाहुलीवरची चादर वर ओढली, नीट केली आणि पाणी मागितलं. दाराबाहेर त्यांचा भाऊ बसून होता. त्या त्याच्याबरोबर रिक्षाने घरी गेल्या, बारकीला 'येते' एवढंही न म्हणता.

असे त्या आणखी दोन-तीनदा आल्या. प्रत्येक वेळी काही चांगलंच झालं असं नाही. एकदा तर त्या मध्येच खोली सोडून गेल्या.

फेरपरीक्षेच्या दिवशी बारकीने सुट्टी टाकली. परीक्षा तापातून उठलेल्या त्या दुसऱ्या प्रशिक्षकांनी घेतली. दुपारी नवऱ्याचा फोन आला. "झाली पास," तो म्हणाला, आणि मग, "तुला कळवायला तिनेच सांगितलं." बारकीला हायसं वाटलं, पण आनंद झाला असं म्हणता येणार नाही. ताई आता पुन्हा त्या खाटांपाशी उभ्या राहणार होत्या, आणि तिथे ठोके वर-खाली करणारं यंत्र कुणाच्याच हातात नव्हतं.

त्यानंतर महिन्याभरात एका सकाळी ताईंचा फोन आला. "मोकळी आहेस का? हॉस्पिटलच्या मागच्या फाटकापाशी ये."

बारकी धावतच गेली. फाटकाशेजारी रुग्णवाहिका धुवायची जागा होती. तिथल्या कट्ट्यावर ताई बसल्या होत्या, अंगात गणवेश, पायांत विभागातल्याच चपला.

"एक मूल आलं होतं," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीत पडलेलं. दाब दिला. ठोके परत आले. मोठ्या हॉस्पिटलला घेऊन गेले आत्ता. पुढचं काही सांगता येत नाही म्हणाले. वाचेल, न वाचेल. वाचलं तरी कसं वाचेल."

"आई?"

"मी तिला जवळ उभं केलं. म्हटलं, इथे उभी राहा, त्याचा पाय धर. काय चाललंय ते तिला सांगत होते, दाबता दाबता." ताईंनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. "तेव्हा काही झालं नाही. आता बघ कसे थरथरतायत."

बारकीने ते हात आपल्या हातात घेतले. थंडगार होते. एक माणूस पाइपने रुग्णवाहिकेची चाकं धूत होता आणि पाणी त्यांच्या पायांपर्यंत येत होतं. दोघींनी पाय वर घेतले.

"तू मला नापास केलंस," ताई म्हणाल्या. "ते मी विसरणार नाही."

"नका विसरू."

"तू बरोबर केलंस असंही मी म्हणणार नाही. निदान आत्ता नाही."

"नका म्हणू."

हात सोडवून घेत ताई उठल्या. "संध्याकाळी त्या हॉस्पिटलला फोन करायचा आहे, मुलाचं विचारायला. माझ्याच्याने होणार नाही. तू करशील?"

"करते," बारकी म्हणाली. "तुमच्या घरी येऊनच करते."

संध्याकाळी तिने फोन केला. पलीकडून सांगितलं, अजून शुद्धीवर नाही, उद्या विचारा. ताईंनी दुसऱ्या दिवशीही तिला बोलावलं, आणि तिसऱ्याही.